अस्सल लाकूडवाला

माळेगाव बुद्रुकात लाकडी बैलगाडी आता शोधून सापडत नाही. गळीत हंगाम सुरू झाला की साखर कारखान्याच्या रस्त्याला ट्रॅक्टर-ट्रॉल्या आणि टायरगाड्यांची रांग लागते. पण टायरगाडीत लाकूड उरलंय किती? चाकं रबरी, आस लोखंडी, सांगाडाही बहुतेक लोखंडीच. बैल तेवढे मूळचे. अशा गावात वाहनांची छोटी मॉडेल्स करणारा एक गृहस्थ आढळतो. त्याची पहिली आणि शेवटची अट एकच: लाकूड खरं पाहिजे.

वय पंचेचाळिशीच्या पुढचं. नोकरी कारखान्यात, कॉलेजात नाहीतर बारामतीच्या एमआयडीसीत. कुठंही असली तरी लक्ष घरच्या टेबलावर. बारामतीत पियाजिओच्या तीनचाकी तयार होतात, त्यातली एखादी करा की, असं कुणी सुचवलं तर तो कीव आल्यागत हसतो. तिच्यात लाकूड कुठंय? त्याच्या लेखी वाहनांच्या दोनच जाती: लाकूड असलेली आणि बघण्याजोगी नसलेली. दारातली स्वतःची मोटारसायकल कोणत्या जातीची, हे विचारायचं नसतं.

आळीतली पोरं सनबोर्ड कापून झकास लालपरी करतात, आत दिवे लावतात, रील टाकतात. हा ती एसटी उचलतो, उलटी करतो, नखाने टकटक वाजवतो.

‘‘छान आहे हो. पण फोम आहे.’’

मग पोरांची सुटका नसते. 1 जून 1948 ला पुण्याहून अहमदनगरला निघालेल्या पहिल्या एसटीची बॉडी लाकडी होती, हे तो त्यांना ऐकवतो. हेच तो साखरपुड्यात, दहाव्याला आणि बँकेच्या रांगेतही ऐकवतो. जपानच्या तामिया कंपनीचा विषय निघाला की आवाज जड होतो. मॉडेलवाल्यांचं हे पंढरपूर 1946 मध्ये शिझुओकात सुरू झालं ते लाकडाची वखार म्हणून. पुढे लाकडी मॉडेल्स आली. मग परदेशी प्लॅस्टिकने बाजार खाल्ला आणि 1960 मध्ये तामियानेही ‘यामातो’ युद्धनौकेचं प्लॅस्टिक मॉडेल काढलं. ‘‘वखारवाल्यांनीच लाकूड सोडलं,’’ एवढं बोलून तो गप्प होतो. चहा येईपर्यंतच.

त्याची सध्याची मोहीम म्हणजे 1:24 मापाची बैलगाडी. कानशीचे दिवस गेले, आता लेसर आला. बारामतीत नावाच्या पाट्या आणि ट्रॉफ्या कापून देणाऱ्या दुकानात तो पेनड्राइव्ह आणि फळ्यांची पुडी घेऊन जातो. ‘‘काका, एमडीएफ स्वस्त पडेल,’’ दुकानातला पोरगा भाबडेपणाने म्हणतो. ‘‘एमडीएफ? तो भुसा आहे, बाळा!’’ लेसर लाकूड कापत नाही, जाळत जातो, रेघेरेघेला 0.1 ते 0.2 मिलिमीटर लाकडाचा धूर होतो. ऐकायला हे काहीच नाही, पण हा लगेच चोवीसने गुणतो आणि मूळ गाडीत अडीच ते पाच मिलिमीटरची फट पडल्याचं जाहीर करतो. नकाशा पुन्हा काढला जातो. भाग घरी आले की पिशवीतून धुराचा वास सुटतो.

‘‘अहो, काय जळतंय?’’

‘‘सागवान,’’ तो अभिमानाने सांगतो. पुढचे रविवार काळ्या पडलेल्या कडा पॉलिश पेपरने घासण्यात जातात.

आणि इथं अस्सलपणाच दगा देतो. सागाची रंध्रं नुसत्या डोळ्यांना दिसतात. गाडी चोवीसपट लहान झाली तरी रंध्रं आहेत तेवढीच राहतात, त्यामुळे सागाची खरीखुरी फळी गाडीवर चढली की नांगरल्यासारखी दिसते. म्हणून तो हळदूकडे वळतो. हळदूचा पोत बारीक आणि एकसारखा. त्याच्या फण्या करायचे ते काही उगाच नाही. पण हळदू पिवळट. तेव्हा त्याला डाग देऊन सागासारखं करायचं. खऱ्या लाकडाला खरं लाकूड वाटावं म्हणून रंग द्यायचा, यावर कुणी हसलेलं त्याला चालत नाही.

चाकाने मात्र त्याला खरोखर रडवलं. आऱ्यांसकट अख्खं चाक एकाच फळीतून कापलं, आणि लाकडाच्या रेषा कडेला आडव्या गेल्या होत्या तिथंच ते दोन्हीकडे मोडलं. शेवटी तो तुकडे घेऊन सुताराकडे गेला. सुताराने ते चष्मा कपाळावर चढवून पाहिले.

‘‘साहेब, रेघ आडवी गेलीया की हितं. म्हणून तर चाकाचा घेर तुकड्यातुकड्यानं जोडत्यात. आरं येगळं, तुंबा येगळा.’’

‘‘पण मशीन एका दमात कापतं.’’

‘‘कापंल की. पर ती सपाट कापतंय. तुंबा गोल असतोय.’’

पुढचा तास साहेब विद्यार्थी झाले. घेराचे सहा तुकडे, प्रत्येकाला दोन आरे, प्रत्येक तुकड्यात रेष लांबीच्या बाजूने. तुंब्यासाठी सुताराने हळदूचा तुकडा ड्रिलमध्ये अडकवला आणि कानस टेकवून बघता बघता गोल केला. राहिली धाव. खऱ्या चाकावर लोखंडी धाव तापवून चढवतात आणि वर पाणी ओततात. ती आकसते आणि सगळे सांधे आवळून धरते. साहेबांनी बिस्किटाच्या डब्याची पत्री कापून गॅसवर धरायचा बेत सांगितला, तेव्हा सुताराने त्यांचा हातच धरला. धाव गोंदाने चिकटवायचं ठरलं. हे पोरांना सांगायचं नाही, असंही ठरलं.

गाडी झाली आणि खरोखर देखणी झाली, हे कबूल करायला हवं. जू आहे, शिवळा आहेत, दांडीला सुताचा दोर आहे. आता प्रश्न बैलांचा. खेळण्याच्या दुकानातले प्लॅस्टिकचे, तेव्हा त्यांचा विचारच नको. पोळ्याचे मातीचे बैल अस्सल खरे, पण जुवाखाली उभे केले की वशिंड साट्याच्याही वर जातं आणि गाडी बैलांनी पाठीवर घेऊन जावी एवढी दिसते. साडेचार फुटी बैल 1:24 मध्ये पावणेसहा सेंटिमीटरचा होतो. मोजपट्टी घेऊन साहेब कुंभारवाड्यात गेले.

‘‘एवढं बारीक?’’ कुंभारीणबाईंनी पट्टीवरची खूण निरखली. ‘‘करीन की. पर शिंगं लाकडाची नगा म्हणू.’’