अप्पांचं अर्थिंग

प्रत्येक सोसायटीच्या पार्किंगमध्ये कोपऱ्यात एक गाडी असते आणि तिच्याखालून दोन पाय बाहेर आलेले असतात. आमच्याकडचे पाय अप्पांचे. बँकेतून निवृत्त झालेले लोक ज्येष्ठ नागरिक संघात जातात. अप्पा जुन्या ओम्नीत गेले. तिची कॅम्पर करायची, आत पलंग, ओटा, दिवे, पंखा बसवायचा आणि काकूंना घेऊन थेट कन्याकुमारी गाठायची. दर दिवाळीत ते 'या दिवाळीनंतर' असं सांगतात.

सगळा घोटाळा एका इलेक्ट्रिशियन पोराने केला. गाडी सेल्फ घेईना. नवी बॅटरी टाकली, तरी ढिम्म. त्याने बॅटरीची निगेटिव्ह वायर बॉडीला जिथे आवळलेली असते तिथला गंज पॉलिशपेपरने घासला, नट परत आवळला, आणि गाडी सुरू! "अर्थिंग हो काका," एवढं बोलून तो गेला. अप्पांना मात्र विश्वाचं कोडं सुटलं.

वायपर अडकला? अर्थिंग. हॉर्न वाजेना? अर्थिंग. इथवर ठीक आहे. पण टायर पंक्चर झाला तेव्हाही ते क्षणभर वायरीकडे बघत होते. काकूंचा गुडघा दुखायला लागला तर म्हणाले, "जमिनीशी संपर्कच उरला नाही तुझा. हिरवळीवर अनवाणी चाल." काकू म्हणाल्या, "आधी ती गाडी चालवा."

ओम्नीचं इंजिन पुढच्या सीटखाली असतं. अप्पांनी नेमका सीटला खेटून ओटा ठोकला. त्यामुळे इंजिन ऑइल बघायचं तर आधी रव्याचा डबा काढायचा, मग साखरेचा, मग ओट्याचे स्क्रू, आणि मग सीट उचलायची. एकदा फिटर आला, त्याने हे सगळं पाहिलं, चहा प्यायला आणि निघून गेला.

पलंगाला त्यांनी १९ एमएमचं मरीन प्लाय वापरलं. आठ बाय चारची एक शीटच ३५-४० किलोची, आणि अप्पांनी तीन लावल्या. इंजिन ७९६ सीसीचं. कात्रजच्या चढावर टेंपरेचरचा काटा लाल रेषेला टेकला आणि बॉनेट नसलेल्या गाडीत अप्पांच्या थेट बुडाखालून वाफ निघाली. मी वजनाचा विषय काढला. "छे हो! रेडिएटरच्या फॅनला अर्थिंग मिळत नाहीये." अर्धा पलंग आम्ही तिथेच एका टपरीवाल्याला दिला. त्याने त्याचं बाकडं केलं. अप्पांच्या फर्निचरपैकी कुणी झोपू शकेल असं बहुधा तेवढंच.

पंधरा वर्षं झाली की रजिस्ट्रेशनचं नूतनीकरण येतं, आणि मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीच्या मूळ रचनेत मनमानी बदल करू देत नाही. अप्पांनी म्हणूनच सगळं खटक्याच्या नटांवर बसवलंय. "हा बदल नाही, हे सामान आहे." तपासणीच्या दिवशी ओटा, पलंग, पडदे, काकूंचा तांब्या असा अख्खा संसार पार्किंगमध्ये मांडला होता. सेक्रेटरींनी त्याच दिवशी 'भंगार हटवावे' अशी नोटीस लावली. चौथी की पाचवी असेल.

मग पावसाळ्यात एका रात्री ट्रान्सफॉर्मर उडाला. सेक्रेटरींच्या आईंना दम्याचा त्रास. नेब्युलायझर बंद, लिफ्ट बंद. कुणी काही बोलायच्या आत अप्पा आणि वॉचमन गाडीतली दुसरी बॅटरी आणि इन्व्हर्टर धरून तिसऱ्या मजल्यावर चढत होते. धापा टाकत त्यांनी मशीन लावलं आणि पहाटेपर्यंत तिथेच खुर्चीत बसून राहिले. त्या रात्री तो शब्द त्यांनी एकदाही उच्चारला नाही. मला तो चुकल्यासारखा वाटला, हे कबूल करायला जड जातंय.

'भंगार हटवावे'ची नोटीस दुसऱ्या दिवशी काढून टाकली गेली. पुढच्या सर्वसाधारण सभेत जनरेटरचा ठराव आला, कोटेशन वाचून सगळे गप्प झाले, आणि कुणीतरी म्हणालं, "अप्पांची व्हॅन आहे की!" ठराव एकमताने फेटाळला. व्हॅनला लिफ्टशेजारची जागा मिळाली, तीही छपराखालची.

आणि आता गाडी खरोखरच प्रवासाला तयार झालीय. कात्रज एका दमात चढली. अप्पांनी डिसेंबरात निघतो म्हणून कळवलं, तर कमिटीने लेखी उत्तर दिलं: प्रवासास हरकत नाही, मात्र पंधरा दिवस आधी अर्ज करावा व बॅटरी सोसायटीत ठेवून जावे.

काकूंनी ते पत्र वाचून बॅग भरायला घेतली आहे. त्या म्हणतात, बॅटरी राहू दे इथे, आपण मेणबत्त्या नेऊ.