लाल गोळीच्या वैरीण रीलताईंस

ताई,

नव्वद सेकंदांत नऊ महिने उरकणारी आपली रीलं आमच्या झरी-जामणी, घाटंजीकडच्या सुनाही बघतात. कापूस वेचून आल्या की रेंज सापडेल तिथं उभ्या राहून. आशाताई दारोदार फिरून घसा कोरडा करते, गरोदरपणात सल्ला देणाऱ्या सरकारच्या ‘किलकारी’चा फुकट फोनही येतो, पण त्यांच्यामागे आपल्यासारखा गुलाबी पडदा कुठाय? कोण ऐकणार?

लोहाच्या गोळ्यांनी बाळ काळं होतं, असं आपण सांगितलंत. झालं! 180 दिवस घ्यायची लाल गोळी उकिरड्यावर गेली. काळी होते ती संडास, बाळ नव्हे, एवढा फरक तरी सांगायचा. चहासोबत घेतली तर गोळी अंगी लागत नाही, हेही सांगता आलं असतं. पण मग केशराची जाहिरात कुठं बसवणार, नाही का?

रक्तवाढीला आपण बीट-डाळिंब दिलंत. खायला आमची ना नाही, परवडलं तर. पण इथल्या कोलाम-गोंड वस्त्यांत, आणि इतर समाजांतही, सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. नवरा-बायको दोघंही वाहक असले तर प्रत्येक खेपेला बाळाला आजार होण्याची शक्यता 25 टक्के. डाळिंबानं ती किती टक्क्यांवर येते, ते पुढच्या भागात सांगालच. तोवर आम्ही बोटातून थेंबभर रक्त देऊन तपासणी करून घेतो, तीही दिवस गेल्याचं कळताच. 1 जुलै 2023 ला सिकलसेल निर्मूलनाची देशव्यापी मोहीम सुरू झाली. आपण तेव्हा डोहाळजेवणाच्या शूटमध्ये असाल.

पोटाच्या आकारावरून मुलगा ओळखायचा भाग तर झकासच! गर्भलिंगनिदानाची जाहिरात इंटरनेटवर करायलाही 1994 च्या कायद्यानं बंदी आहे. आपण शेवटी ‘फक्त मनोरंजनासाठी’ अशी बारीक ओळ टाकता, म्हणजे कायदा आपण वाचलाय खरा.

डोकं ठणकतंय, तोंडावर सूज, डोळ्यांपुढे अंधारी: यावर आपला उपाय जिऱ्याचं पाणी. आशाताई मात्र रक्तदाब वाढला असेल म्हणून घाबरते आणि 108 लावते. अडाणीच ती.

येत्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायांची मोफत तपासणी आहे. जरूर या. तुमचाही रक्तदाब बघू.

आपला,
सबस्क्राइब न केलेला एक यवतमाळकर