खातं मुलाचं, पत्ता मुलालाच नाही

तुमचं मूल १ सप्टेंबर २००२ ते २ जानेवारी २०११ या काळात ब्रिटनमध्ये जन्मलं असेल, तर आज जेवताना त्याला विचारा: ‘तुझ्या नावाचं चाइल्ड ट्रस्ट फंडाचं खातं कुठे आहे, ठाऊक आहे?’ बहुधा ते तुमच्याकडे बघेल आणि तुम्ही एकमेकांकडे.

गॉर्डन ब्राउन अर्थमंत्री असताना ही योजना आली. ज्या बाळासाठी चाइल्ड बेनिफिट हा सरकारी भत्ता मिळत असे, त्याच्या नावे सरकारकडून २५० पौंडांचं व्हाउचर. कमी उत्पन्नाच्या घरात ५००. आईवडिलांनी वर्षभरात खातं उघडलं नाही, तर एचएमआरसी ही सरकारी करयंत्रणा परस्पर उघडून द्यायची. २०१० साली सत्तेवर आलेल्या आघाडी सरकारने योजना गुंडाळली, पण उघडलेली खाती राहिली. सप्टेंबर २०२० पासून ही मुलं अठराची होऊ लागली. २०२४ मध्ये एचएमआरसीने जाहीर केलं की ६ लाख ७० हजारांहून अधिक तरुणांनी आपले पैसे घेतलेलेच नाहीत. सरासरी रक्कम २,२१२ पौंड!

घर हाउन्स्लोहून स्लाउला हलतं, खात्याचं वार्षिक पत्रक जुन्या पत्त्यावर पडत राहतं, आईवडील विसरतात. मुलाला तर कुणी सांगितलेलंच नसतं. पैशाच्या गोष्टी मुलांसमोर नकोत, हा आपल्या घरांतला जुना शिरस्ता. तो साता समुद्रापार आणायची काहीच गरज नव्हती.

हेच मौन पुढे युनिव्हर्सिटीच्या दारात महागात पडतं. इंग्लंडमध्ये २०२५-२६ ची फी कमाल ९,५३५ पौंड. तिच्यासाठी पूर्ण कर्ज मिळतं, आईवडिलांचा पगार कितीही असो. राहण्या-खाण्याच्या कर्जाचं तसं नाही. घरचं उत्पन्न २५,००० पौंडांच्या वर गेलं की ते घटू लागतं, आणि ही मर्यादा २००८ पासून तिथेच अडकली आहे. एक आयटीत, एक एनएचएसमध्ये, अशा घरातल्या मुलाच्या हाती येणाऱ्या कर्जात खोलीचं भाडंही निघणं कठीण. उरलेलं आईवडील भरतील, हे सरकारने गृहीत धरलंय. म्हणून बचत करायची ती आधी भाड्यासाठी आणि जेवणासाठी.

व्हिसावर असलेल्यांनी आणखी एक हिशेब आत्ताच मांडावा. कोर्स सुरू होईल त्या दिवशी मुलाला कायम वास्तव्याचा हक्क मिळालेला नसेल, तर सहसा परदेशी विद्यार्थ्याची फी लागते आणि सरकारी कर्जही मिळत नाही. शिवाय चाइल्ड बेनिफिट नाही म्हणजे ट्रस्ट फंडही नाही; त्या घरांना आपल्याच बचतीचा आधार.

या बचतीसाठी नोव्हेंबर २०११ पासून ज्युनियर आयसा हे मुलाच्या नावाचं करमुक्त खातं आहे. वर्षाला ९,००० पौंडांपर्यंत त्यात कुणीही भरू शकतं, आजी-आजोबासुद्धा. जन्मापासून महिन्याला २५ पौंड टाकले, तर अठराव्या वर्षी नुसती मुद्दलच ५,४०० होते. दहाव्या वर्षी जागे झालात तर २,४००. अठरा वर्षं पूर्ण होईपर्यंत पैसे काढता येत नाहीत, आणि त्यानंतर ते सर्वस्वी मुलाचे. ज्याला उद्या एवढी रक्कम एकहाती सांभाळायची आहे, त्याला दहाव्या वर्षापासून दरवर्षी ते पत्रक समोर ठेवून दाखवा. जमा किती, वाढ किती, शुल्क किती कापलं, हे त्यालाच वाचू द्या. सोळाव्या वर्षी खात्याचा कारभार कायद्यानेच त्याच्या हाती देता येतो. तो द्या.

आणि हरवलेलं ट्रस्ट फंडाचं खातं? सरकारी संकेतस्थळावर नॅशनल इन्शुरन्स नंबर देऊन ते फुकट शोधता येतं. मध्यस्थाला एक पेनीही देऊ नका. फॉर्म मुलालाच भरू द्या, तुम्ही शेजारी बसा.