बिऱ्हाडकरू सर

गृहनिर्माणाच्या अर्थशास्त्रात पीएच.डी. केलेला माणूस लग्नाच्या पंगतीत चटकन ओळखू येतो. शेजारचा सहज विचारतो, "सर, आता फ्लॅट घ्यावा की थांबावं?" सर श्रीखंडाची वाटी बाजूला सरकवतात आणि 1947 च्या मुंबई भाडे कायद्यापासून सुरुवात करतात. भाडी 1940 च्या पातळीवर गोठली, मालकांनी डागडुजी सोडली, पागडी फोफावली... मठ्ठा येऊन जातो. बिचाऱ्याला डोंबिवलीत वन बीएचके हवा असतो. सर 1976 च्या कमाल जमीनधारणा कायद्यापाशीच असतात.

कुणाच्या घरी गेले की बोलता बोलता दहा पावलं इकडे, आठ तिकडे. यजमानांना वाटतं, शतपावली चाललीय. मग सोफ्यावर टेकताना निकाल : "कार्पेट चारशे वीस. बिल्डरने सहाशेच्या भावात गळ्यात मारलाय." वास्तुशांतीचा प्रसाद हातात असताना असं बोलू नये, एवढं कुठल्याच चर्चासत्रात शिकवत नाहीत.

2011 च्या जनगणनेत देशातल्या शहरांत एक कोटीहून जास्त घरं रिकामी आढळली, हे त्यांचं लाडकं वाक्य. भाडेकरू एकदा बसला की उठत नाही या धास्तीने मालक घराला कुलूप लावतो, नाहीतर अकरा महिन्यांचा करार करतो. सरांचा सारा प्रबंध यावर. आणि करार संपला की सर स्वतःच विंचवासारखं बिऱ्हाड पाठीवर घेतात. निम्मी खोकी जनगणनेच्या खंडांची. मुंबईत वर्षाचं भाडं घराच्या किमतीच्या जेमतेम काही टक्के, कर्जाचं व्याज त्याच्या कितीतरी वर. म्हणजे भाड्याने राहणंच शहाणपणाचं. गणित चोख आहे. फक्त मेहुण्याने त्याच काळात काहीही न वाचता ठाण्यात घर घेतलं, आणि दर दिवाळीला तो त्याचा ताजा भाव सांगतो. सरांच्या सौ. तेव्हा फराळाचं ताट जरा आपटूनच ठेवतात.

मंत्रालयातल्या बैठकीला सर तीस पानी टिपण घेऊन जातात. साहेब पहिलं पान उलटत विचारतात, "एफएसआय किती वाढवायचा, तेवढं सांगा."

तर असे सर तुमच्या सोसायटीत भाड्याने आले, तर घर बिनधास्त द्या. भाडं वेळेवर येईल, भिंतीला खिळा ठोकणार नाहीत. आणि पुनर्विकासाच्या सभेला त्यांना आवर्जून बसवा. भाडेकरूला मत नसतं हे खरं. पण बिल्डरच्या माणसाला घाम फोडणारा दुसरा कुणी तुमच्याकडे नाही.