फुल तिकीट

एसटीत फुल तिकीटवाला लगेच ओळखू येतो. कंडक्टर जवळ आला की बाकीचे कार्ड काढतात, हा पाकीट काढतो.

बीड–मांजरसुंबा रस्त्यावर असे एक गृहस्थ रोज भेटतात. पन्नाशी ओलांडलेली, बीडच्या मोंढ्यात आडतीवर मुनीम, गाव शहरापासून चार टप्प्यांवर. टप्पा सहा किलोमीटरचा, आणि जानेवारी २०२५ च्या भाडेवाढीपासून टप्प्याला १० रुपये ५ पैसे. वरच्या दहापेक्षा ते पाच पैसेच त्यांच्या जास्त जिव्हारी लागलेत. आठवड्याचं जाणं-येणं पाचशेच्या घरात जातं, हे शेजारी बसेल त्याला ते न विचारता सांगतात.

‘मासिक पास काढा की, वीस दिवसांच्या भाड्यात तीस दिवस,’ असं कोणी सुचवलं की त्यांचा चेहरा पडतो. २०२१ च्या दिवाळीच्या तोंडावर त्यांनी पास काढला होता. लगेच संप लागला, तो पार पुढच्या एप्रिलपर्यंत रेंगाळला. आपण पास काढला म्हणूनच एसटी बसली, अशी त्यांची खात्री आहे. आता महाराष्ट्राच्या भल्यासाठी ते रोजचं तिकीट काढतात.

खरं दुखणं घरात आहे. आई पंचाहत्तरीच्या पुढं, २०२२ पासून फुकट. बायको मार्च २०२३ पासून हाफ. धाकटी बारावीला, तिचा पास मोफत. कुटुंब परळीला वैजनाथाला निघालं की कंडक्टर मशीनवर बोटं मारत विचारतो, “फुल कोण?” सगळं घर एकदम यांच्याकडं बघतं. आईच्या हातात शून्य रुपयाचं तिकीट, बायको हाफमध्ये खिडकीला, आणि पूर्ण पैसे मोजलेला माणूस दांडीला लोंबकळत उभा. “कामून, आम्ही काय पाप केलंय?” असं ते विचारतात, पण हळू, गाडीत निम्म्याच्या वर बायका असतात.

पासष्टीला हाफ मिळणार, म्हणून ते दिवस मोजतायत. त्यातही गुरुजींनी घोळ घातलाय. गावातल्या निम्म्या पोरांसारखी त्यांचीही जन्मतारीख १ जून लावलीय, वर वयही दोन वर्षांनी कमी. (१ जून हा एसटीचाही वाढदिवस, १९४८ साली त्या दिवशी पहिली गाडी नगरहून पुण्याला सुटली. पण वाढदिवस एक म्हणून एसटी सूट देत नाही.) पुढं नोकरीत फायदा होईल म्हणून गुरुजींनी वय कमी लावलं. सरकारी नोकरी लागली नाही, आणि हाफ तिकीट मात्र दोन वर्षं लांबलं.

१७ सप्टेंबर २०२५ ला बीडला रेल्वे आली आणि गृहस्थ खुलले. विकासाबिकासाचं त्यांना फारसं काही नाही. रेल्वेत बायकांना हाफ नाही, आणि ज्येष्ठांची सवलत २०२० सालीच बंद झालेली, एवढं त्यांना पुरलं. आई नि बायकोला घेऊन नगरला निघाले. खिडकीशी वाकून, मागच्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “तीन द्या. तिन्ही फुल!”

डब्यात आई आधार कार्ड हातात धरूनच बसली. टीसी आला तसं तिनं ते पुढं केलं.

“आजी, इथं हे चालत नाही.”

म्हातारी लेकाकडं वळली. “मग मेल्या, एसटी काय बंद पडली व्हती?”