शिलाई मशीनच्या खणातली टेप

गेल्या सोमवारी सकाळी आमच्या घरच्या काचेच्या वजनकाट्याने मोबाइलवर कळवलं, माझ्या अंगात 28.6 टक्के चरबी. संध्याकाळी तोच काटा म्हणाला, 26.9. माझ्या 72 किलोंत हा फरक सव्वा किलोच्या आसपास जातो. ऑफिसला जाऊन आल्याने सव्वा किलो चरबी झडत नाही.

हा काटा चरबी मोजतच नाही. एका तळपायातून तो अगदी क्षीण वीज सोडतो आणि दुसऱ्यातून परत घेतो. स्नायूंत पाणी असतं, तिथून वीज सहज जाते; चरबीत अडते. त्या अडथळ्याला तुमचं वय, उंची, वजन जोडून आतलं सूत्र अंदाज बांधतं. पायांत पाणी उतरलं, कमी प्यालात, नुकते जेवलात, की आकडा हलतो. बरं, वीज एका पायाने चढते, दुसऱ्याने उतरते. पोटाकडे ती जेमतेम फिरकते. आणि मधुमेहाकडे नेणारी आपली चरबी तर पोटातच साठते!

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा फोटो 2004 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला होता. दोघे शेजारी उभे, दोघांचा बीएमआय 22.3. क्ष-किरणांनी चरबी मोजणाऱ्या डेक्सा यंत्रावर मात्र युडकिन यांची चरबी निघाली 9.1 टक्के आणि याज्ञिक यांची 21.2. उंची-वजनाच्या हिशेबात बरोबरीचे, आतून दुपटीहून जास्त तफावत. पुण्याजवळच्या खेड्यांतल्या नवजात बाळांतही याज्ञिकांच्या पथकाला हेच दिसलं: इंग्लंडच्या बाळांपेक्षा वजनाने कितीतरी हलकी, मांस कमी, पण कातडीखालची चरबी त्या मानाने टिकलेली. म्हणून ‘तो तर काटकुळा आहे, त्याला कुठला मधुमेह’ हे वाक्य आपल्या घरांतून हद्दपार व्हायला हवं. त्या वाक्यापायी माणसं तपासणीला उशिरा जातात.

घरी काय करायचं? कंबर मोजायची. शिलाई मशीनचा खण उघडा. बॉबिन आणि खडूच्या तुकड्यांखाली टेप असते. टोकाची पत्र्याची पट्टी निघाली असेल तर ती टेप घेऊ नका. जुनी कापडी टेप ताणलेलीही असते, एकदा स्टीलच्या पट्टीला लावून बघा. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड बोटांनी चाचपा, दोहोंच्या मधोमध टेप आडवी धरा, श्वास सहज सोडा आणि मग आकडा वाचा. पोट आत ओढू नका. पँटच्या मापावर तर मुळीच जाऊ नका, कारण पट्टा पोटाच्या खाली बसतो. पोट पुढे आलं तरी 32 ची पँट वर्षानुवर्षं 32 चीच राहते.

आपल्याकडे पुरुषाला 90 सेंटिमीटर आणि बाईला 80 ही धोक्याची रेघ मानतात. कंबर उंचीच्या निम्म्याहून कमी असावी, हाही सोपा ठोकताळा. टक्केवारीच हवी असेल तर अमेरिकी नौदलाचं सूत्र आहे: उंची, मान आणि कंबर, बायकांसाठी नितंबाचा घेरही. तेही तीन-चार टक्के इकडेतिकडे होतं आणि ते बसवलंय तिकडच्या सैनिकांच्या अंगावर. मी कंबरेवरच थांबेन. महिन्यातून एकदा, सकाळी, उपाशीपोटी, त्याच जागी. आकडा कॅलेंडरवर लिहायचा.

आमच्या घरात सगळ्यांत बारीक माझा धाकटा भाऊ. त्याला काट्यावर ‘उत्तम’ शेरा मिळाला होता. रविवारी आईने त्याला टेप लावली: 93. तिने पुन्हा मोजलं. पुन्हा 93. या शनिवारी तो उपाशीपोटी साखर तपासायला जातोय, सोबत मीही.