शेपूशी ओळख

घरात शेपूची जुडी आली, हे मुलांना कुणी सांगावं लागत नाही. पिशवी ओट्यावर टेकते न टेकते तोच आतल्या खोलीतून प्रश्न येतो, "आज भाजी कसली?" उत्तर नाकाला आधीच मिळालेलं असतं. आपल्या तोंडून फक्त ते वदवून घ्यायचं असतं, म्हणजे लगेच "मला आज भूकच नाहीये" असं जाहीर करता येतं.

गंमत अशी की हाच शेपू त्या मुलाच्या पोटात बहुधा केव्हाच जाऊन आलेला असतो. बाळंतिणीला जेवणानंतर चघळायला देतात तो बाळंतशेपा म्हणजे शेपूचंच बी. आणि 1851 साली इंग्लंडातल्या नॉटिंगहॅमच्या विल्यम वुडवर्ड नावाच्या गृहस्थानं बाळांच्या पोटदुखीवर जे ग्राइप वॉटर बाटलीत भरलं, त्यातही शेपूच्या बियांचं तेल होतं. आपल्याकडच्या कितीतरी पिढ्या त्या बाटलीवर वाढल्या. (सहा महिन्यांपर्यंत आईच्या दुधाशिवाय बाळाला काही देऊ नका, असं आता डॉक्टर बजावतात आणि ते ऐकायलाच हवं.) म्हणजे आज स्वयंपाकघराच्या दारात नाक दाबून जो उभा आहे, त्यानं किंवा त्याच्या बापानं कधीकाळी हेच औषध चमच्यानं चाटूनपुसून घेतलेलं असतं. बियांचा वास वेगळा आणि पानांचा वेगळा, हे मान्य. तरी नातं सख्खंच.

आईनं खाल्लेल्या पदार्थांचा स्वाद दुधातून बाळापर्यंत पोचतो, हेही आता पक्कं ठाऊक झालं आहे. अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या एका संशोधन केंद्रात जुली मेनेला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही आयांना गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत, तर काहींना बाळ अंगावर पीत असताना, गाजराचा रस प्यायला दिला. ती बाळं वरचं अन्न खायला लागल्यावर त्यांना गाजराच्या चवीची पेज दिली, तेव्हा साधं पाणी प्यायलेल्या आयांच्या बाळांपेक्षा त्यांनी तोंडं कमी वाकडी केली. हा निबंध 2001 साली छापून आला. आमच्याकडच्या सुईणी आणि आज्या निबंध लिहीत नव्हत्या. पण मेथी, शेपू, लसूण, अळीव असं सगळं बाळंतिणीपुढे मांडून त्या बसायच्या आणि ती खाते की नाही यावर लक्ष ठेवायच्या. हेतू दुधाचा आणि कंबरेचा होता. बाळाच्या जिभेचं शिक्षण त्यात फुकटात होऊन जायचं.

इतकं सगळं होऊनही दुसऱ्या वर्षाच्या आसपास दार बंद होतंच. उष्टावणानंतर वर्षभर मूल काहीही खातं. वरणभात खातं, मऊ शिजवलेला दुधी खातं, पायपुसण्याची दशी खातं, भिंतीचा पोपडा खातं. आई कौतुकानं सांगत फिरते, "आमच्याकडे खाण्याची कटकट नाही हं." आणि मग एका सकाळी तेच मूल कालपर्यंत खाल्लेल्या भोपळ्याकडे असं बघतं, जणू कुणीतरी त्याची फसवणूक केली आहे. अभ्यासकांच्या मते यात मुलाचा दोष नाही. दोन ते सहा या वयात नव्या पदार्थाची भीती सगळ्यात जास्त असते. मूल नुकतं चालायला लागलेलं असतं, आईच्या नजरेआड जाऊ लागलेलं असतं. अशा वेळी दिसेल ते झुडूप तोंडात घालणारं मूल रानात फार दिवस टिकलं नसतं. निसर्गात कडू म्हणजे बऱ्याचदा विषारी. त्यामुळे मुलाच्या जिभेला कडूपणा मोठ्यांपेक्षा जास्त टोचतो आणि गोड जास्त भावतं. लाखो वर्षांची ही सावधगिरी आपण सकाळी साडेसातला, शाळेची बस खाली उभी असताना, दोन घासांत मोडून काढायला जातो.

मग सुरू होते चोरटी आयात. पालक पराठ्यात, बीट पुरीत, दुधी थालीपिठात, गाजर आमटीत किसून. माल घरात येतो, पोटात पोचतो, पण कागदोपत्री नोंद कुठेच नाही. ही विद्या आता इतकी पुढे गेली आहे की आयांच्या व्हॉट्सॲप गटावर फ्लॉवर घातलेल्या चॉकलेट केकची कृती फिरते. मी या विद्येच्या विरुद्ध नाही. थालीपिठातला दुधी पोटाला लागतोच. पण त्यानं दुधीशी ओळख होत नाही. मुलगा दहा वर्षं दुधी खातो आणि अकराव्या वर्षी तो ताटात फोडींच्या रूपात दिसला की विचारतो, "हे काय आहे?" शिवाय एकदा का पराठ्यातली हिरवी दोरी त्याच्या दातात सापडली, की त्या दिवसापासून साध्या पोळीचीही झडती सुरू होते.

दुसरा मार्ग लाचेचा. "दोडका संपव, मग आइस्क्रीम." लीन बर्च या बाईंनी अमेरिकेत मुलांच्या खाण्यावर आयुष्यभर काम केलं. 1984 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या एका प्रयोगात मुलांना एक नवं पेय प्यायल्याबद्दल बक्षीस दिलं होतं. मुलं प्यायली, पण ते पेय त्यांना आधीपेक्षा कमी आवडू लागलं. मुलांचा हिशेब सरळ आहे. जे खाण्यासाठी बक्षीस द्यावं लागतं, ते वाईटच असणार. "आधी आइस्क्रीम संपव, नाहीतर दोडका मिळणार नाही" असं आजवर एकाही घरात कुणी म्हटलेलं नाही, हे मुलांच्या लक्षात आलेलं असतं.

या विषयातला माझा सगळ्यात आवडता प्रयोग मात्र क्लारा डेव्हिस या डॉक्टरबाईंचा. 1920 च्या दशकात त्यांनी नुकतं दूध सुटलेली काही बाळं सांभाळायला घेतली. शेवटी त्यांची संख्या 15 झाली. बाळांपुढे 34 पदार्थांच्या यादीतले साधे, मसाल्याशिवायचे पदार्थ वाट्यांतून ठेवायचे: दूध, फळं, भाज्या, धान्यं, अंडी, मांस, अगदी यकृतसुद्धा. बाळ ज्या वाटीकडे हात करील तीच द्यायची. शेजारी चमचा घेऊन परिचारिका बसलेली, पण तिनं काही पुढे करायचं नाही, सुचवायचं नाही आणि बाळानं काय उचललं यावर चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलू द्यायची नाही. एका पोरानं न्याहारीला संत्र्याचा रस आणि यकृत घेतलं, तर एकानं रात्री अंडी, केळी आणि दूध. काहींनी तर वाटीसकट बशीच चावून पाहिली. तरीही सगळी मुलं धडधाकट वाढली. मुडदूस झालेल्या एका बाळाला कॉड माशाच्या यकृताचं तेल ठेवलं होतं; ते त्यानं बरं होईपर्यंत आपणहून घेतलं आणि मग सोडून दिलं.

हे ऐकून "बघा, मुलांना सगळं कळतं" असं म्हणत फ्रिज उघडा टाकणाऱ्यांनी 1939 सालचा डेव्हिसबाईंचा खुलासाही वाचावा. खरी किमया पदार्थांच्या यादीत आहे, असं त्यांनी स्वतःच सांगितलं. त्या 34 पदार्थांत साखर नव्हती, मैदा नव्हता, डब्यातलं काही नव्हतं. मूल काहीही निवडो, निवड बरोबरच येणार होती. आपल्या घरी त्या यादीत पस्तिसावा पदार्थ म्हणून वेफर्सचा पुडा असतो, आणि मग उरलेले 34 केवळ शोभेला उरतात.

आणि दुसरी अडचण त्या परिचारिकेची. मराठी घरात जेवायला बसलेल्या मुलाशेजारी गप्प बसणारा माणूस आणायचा कुठून? आजी म्हणते, "खाल्लं नाहीस तर अंगाला कसं लागेल?" आजोबा म्हणतात, "आम्हाला एवढंसुद्धा मिळत नव्हतं." काकू म्हणते, "आमचा नाही बाई असं करत." आई काहीच बोलत नाही, पण तिचा चेहरा बोलतो. आणि बाबा मोबाइल बघत ताटातली वांग्याची फोड हळूच कडेला सारतात. इतक्या जणांच्या पाच तऱ्हांपैकी मुलाला दिसते ती फक्त शेवटची. मुलं ऐकून खात नाहीत, बघून खातात.

मोठ्यांच्या खाण्यातल्या धाडसाबद्दल एकदा स्पष्ट बोलायलाच हवं. ज्यांनी "सगळं खायला शिक" म्हणून मुलांचा जीव खाल्ला, तीच मंडळी स्वित्झर्लंडच्या सहलीला जाताना आपल्यासोबत स्वयंपाकी येणार ना, याची आधी खात्री करून घेतात. आल्प्सच्या बर्फासमोर वरणभात मिळाला की सहल सुफळ संपूर्ण. मश्रूम म्हणजे कुत्र्याच्या छत्र्या आणि ब्रोकोली म्हणजे फ्लॉवरला काहीतरी झालंय, असं म्हणणारे आजोबा मला ठाऊक आहेत. त्यांना कुणी "एक घास तर खाऊन बघा ना" म्हणत नाही. उलट "त्यांना नाही चालत" असं आदरानं सांगून त्यांच्यासाठी वेगळं पिठलं टाकतात.

खरं तर आपले पूर्वज फार धीट होते. पोर्तुगीज 1498 साली कालिकतला उतरले, त्याआधी या देशात मिरची नव्हती, बटाटा नव्हता, टोमॅटो नव्हता, शेंगदाणा नव्हता, पेरू आणि पपई नव्हती. ज्यापासून आपला साबुदाणा होतो तो कंदही दक्षिण अमेरिकेतलाच. म्हणजे एकादशीला सोवळ्यात शिजणाऱ्या साबुदाण्याच्या खिचडीतून परदेशी माल बाजूला काढला, तर ताटलीत तूप, जिरं आणि मीठ उरेल. कधीतरी कुणातरी आजीनं शेंगदाणा पहिल्यांदा दाताखाली धरला असणार आणि घरच्यांनी नाकं मुरडली असणार. नव्या पदार्थाला जुना व्हायला वेळ लागतो. समाजाला शंभर-दोनशे वर्षं लागतात, मुलाला तितकी लागत नाहीत.

मुलाला किती वेळ लागतो? एखादी भाजी पटण्याआधी ती मुलापुढे आठ-दहा, कधी पंधरा वेळाही यावी लागते, असं अभ्यासक सांगतात. आपण दोन-तीनदा विचारतो आणि "त्याला नाही आवडत" असा शिक्का मारून मोकळे होतो. तो शिक्का मुलंही अभिमानानं मिरवतात. इथे मला भोंडल्याच्या गाण्यातली कारल्याच्या वेलाची सासू आठवते. सुनेला माहेरी जायचं असतं आणि सासू कारल्याच्या एकेका टप्प्याचं कारण काढून तिचं जाणं लांबवत राहते. सासू म्हणून ती छळवादीच, पण कारलं खायला घालायचं तर तेवढा सबुरीचा वेळ लागतो. कारलं तुपात तळलं, साखरेत घोळलं तरी कडू ते कडूच, ही म्हण मात्र निम्मीच खरी. म्हणीनं तूप आणि साखर वापरून पाहिली, मीठ नाही. मीठ कडू चव दाबतं, हे प्रयोगांतही दिसलं आहे. चिरलेल्या कारल्याला मीठ चोळून, पिळून मगच फोडणीला टाकणाऱ्या बायकांना ते प्रयोगाची वाट न पाहताच माहीत होतं.

आपल्या जुन्या घरांत मुलांना चवी कळायच्या, त्यात मोठा हात कॅलेंडरचा होता. पाडव्याला कडुनिंबाची पानं यायची, पण चिंच, गूळ, जिरं, ओवा यांच्या संगतीत आणि बोटाच्या पेराएवढी. संक्रांतीच्या आदल्या दिवशी भोगीच्या भाजीत वांगी, गाजर, पावटा, ओला हरभरा असे एरवी एकमेकांकडे न बघणारे लोक तिळाच्या कुटात एकत्र नांदायचे आणि सोबत तीळ लावलेली बाजरीची भाकरी. ऋषिपंचमीला बैलाच्या श्रमाशिवाय पिकलेल्या अळू, सुरण, माठ, लाल भोपळ्याची एकत्र भाजी. त्या दिवशी घरात दुसरं काही नसायचंच आणि सगळे तेच खायचे, त्यामुळे "मला वेगळं हवं" हे वाक्य म्हणायला जागाच उरायची नाही. शिवाय वाढण्याची पद्धत. पानाच्या डाव्या बाजूला चटणी, कोशिंबीर, लोणचं जरा जरा. नवी चव नेहमी चिमटीएवढीच समोर यायची. आज आपण तीच नवी चव स्टीलची वाटी भरभरून देतो आणि वर म्हणतो, संपव.

पण जुनं सगळंच सोनं नव्हतं. "पानात टाकायचं नाही" या नियमापायी कितीतरी पोरं गार झालेल्या भाजीपुढे डोळे पुसत बसलेली आहेत, आणि त्यातल्या अनेकांनी मोठेपणी ती भाजी घरात येऊ दिलेली नाही. नियम धान्याच्या मानासाठी चांगला आहे. तो पाळायचा असेल तर मुलाला कोंडण्यापेक्षा वाढणाऱ्यानं हात आखडता घ्यावा. एक चमचा वाढा, हवी तर पुन्हा मागेल. काय शिजवायचं आणि केव्हा, ते आपण ठरवावं. किती खायचं, ते त्यानं ठरवावं.

पंगतीची जादू बघायची असेल तर जिल्हा परिषदेच्या शाळेत दुपारी जाऊन बसावं. 1995 साली शाळेतल्या जेवणाची केंद्राची योजना आली तेव्हा आपल्याकडे मुलांना महिन्याला तीन किलो तांदूळ घरी द्यायचे. शिजवलेलं अन्न पुढे सर्वोच्च न्यायालयाच्या 2001 सालच्या आदेशानंतर रुळलं. घरी मटकीला हात न लावणारी मुलं तिथे रांगेत मांडी घालून मटकीची उसळ पुसून खातात. कारण शेजारचा खातोय. काही शाळांच्या अंगणात परसबाग आहे. तिथल्या मुलांना आपण पाणी घातलेल्या मेथीबद्दल वाईट बोललेलं खपत नाही. शहरातल्या फ्लॅटमध्येही हे जमतं. मेथीदाणे भिजवून खिडकीतल्या कुंडीत पेरले की चार दिवसांत हिरवं दिसतं आणि वाट बघण्याचा कंटाळा यायच्या आत कापताही येतं.

आणि एवढं करूनही शेपू नाहीच आवडला तर? नाही आवडू दे. माठ आहे, चाकवत आहे, चुका, अंबाडी, तांदुळजा, राजगिरा आहे, पावसाळ्यात टाकळा आणि करटोली आहेत. एका भाजीसाठी लढाई पेटवण्याइतकी आपली मंडई गरीब नाही. पुढच्या वेळी जुडी आणाल तेव्हा निवडायला मुलांना सोबत घ्या, मूगडाळ आणि लसूण घालून केलेली भाजी सगळ्यांच्या पानात चमचा-चमचा वाढा, आणि बाबांना मोबाइल बाजूला ठेवून ती आधी खायला सांगा.